अंगठ्याखालचा आवाज

मी जन्मापासून आंधळी आहे आणि साधारण तेव्हापासूनच भांडखोर आहे. पहिल्या गोष्टीसाठी लोक माझ्याबद्दल हळहळतात, दुसऱ्या गोष्टीसाठी माझ्या नवऱ्याबद्दल. त्यांनी या दोन्ही गोष्टी कधी मनावर घेतल्या नाहीत, म्हणून तर आमचं लग्न झालं.

आमचं खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. माझे यजमान सुतार. मोडलेला पाय, निखळलेला हात, कुरकुरणारा सांधा हे सगळं त्यांच्याकडे. फाटलेली वेताची बैठक माझ्याकडे. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून मी त्या चौकटीवर विणते. बोटांचं काम आहे, डोळ्यांवाचून त्यात काही अडत नाही.

दुकानात आमचा एकच नियम होता. हाललात तर बोला. दिवसभर त्यांचं चालायचं, "पटाशी खाली ठेवली," "तुझ्या मागून जातोय," "स्टूल सरकवलंय, सांभाळ." आणि या वाक्यांच्या मधल्या जागेत आम्ही भांडायचो. भांडायला फार मोठा विषय लागतो असं नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, सरसाचा डबा कुणी उघडा ठेवला, त्यांच्या बहिणीनं वीस वर्षांपूर्वी मला कोणता टोमणा मारला होता, काहीही चालायचं. पण त्यांच्या आवाजावर माझं सगळं घर उभं होतं. तो कुठून आला त्यावरून मला भिंत कळायची, टेबल कळायचं, आणि माणूस कोणत्या मनःस्थितीत आहे तेही कळायचं.

मग त्यांचा घसा बसला.

"गारठ्यानं बसलाय, सुटेल," ते म्हणाले. दोन महिने झाले तरी सुटला नाही. ज्या आवाजावर मी अठ्ठावीस वर्षं काढली त्यात काहीतरी बिघडलंय, हे मला डॉक्टरांच्या कितीतरी आधी कळलं होतं. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात ओढत नेलं. आंधळीनं डोळसाचा हात धरून रस्ता ओलांडला, म्हणजे ते किती टाळाटाळ करत होते ते समजा.

कॅन्सर निघाला. स्वरयंत्र सगळंच काढावं लागणार होतं. घशाच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. श्वासाची नळी मानेच्या पुढच्या बाजूला आणून तिथे एक छिद्र करणार, श्वास कायमचा तिथूनच. खाणंपिणं तोंडानंच. नाकातोंडातून वारा जाणार नाही, म्हणून बोलणं नाही.

"पण घाबरू नका हो," डॉक्टर मला म्हणाले. "माणूस हातचा राहतोय, हे महत्त्वाचं. आणि ओठ हलवतील ना ते. तुम्ही नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघितलंत की सवयीनं सगळं कळेल."

मग डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि ते उगाचच कागद चाळायला लागले. यजमान हसले. बसलेल्या घशानं का होईना, पण हसले. त्यांचं ते शेवटचं हसू मी ऐकलं आणि पुढं तेरा महिने तेवढ्यावर काढले.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतर किरणांचा उपचार झाला, मान लाकडासारखी ताठ झाली, वजन उतरलं, मग हळूहळू भरलं. चार महिन्यांनी ते पुन्हा रंधा मारायला लागले. लोक म्हणायचे, बघा, वाचले. वाचले होतेच, आणि त्याचं मला काय वाटत होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण जे सांगू शकते ते हे, की माझा नवरा घरात होता आणि मला तो सापडत नव्हता.

ते घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर दोनदा आदळले. मग त्यांनी पायाला घंटी बांधली. सायकलची जुनी घंटी होती, चालताना किणकिणायची. "गळ्यात नाही बांधली हे नशीब," मी म्हणाले. त्यावर उत्तर आलं नाही. मी उत्तराची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं.

आम्ही सगळे उपाय करून पाहिले. टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हो-नाहीवर संसार चालतो, भांडण चालत नाही. मग त्यांच्या भाचीनं मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिलं. त्यांनी अक्षरं दाबायची की मोबाईल बोलणार. बोलणारी एक बाई होती. गोड, तरुण, एकेक शब्द वेगळा काढून बोलणारी. सकाळी सकाळी ती मला म्हणाली, "चहात. साखर. कमी. आहे." मी मोबाईल हातातून घेतला आणि त्यांना सांगितलं, या वयात मला सवत नको. पुन्हा त्या बाईचा आवाज घरात आला तर मी दोघांनाही बाहेर काढीन.

मग ते ब्रेल शिकले. साठीला आलेला, जाड बोटांचा माणूस पुस्तक समोर ठेवून ठिपके शिकला. कागदावर टोचायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी लाकडाच्या फळीवर गोल डोक्याचे बारीक खिळे ठोकून लिहायचं ठरवलं. दोन दिवस ठोकाठोक करून पहिली पाटी माझ्या हातात दिली. मी बोट फिरवलं. काहीच अर्थ लागेना. पुन्हा फिरवलं. माणसाचं डोकं तर ठिकाणावर आहे ना, अशी मला शंका आली. मग उलगडलं. ब्रेल कागदावर मागच्या बाजूनं टोचतात, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटं टोचावं लागतं. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि यांनी ते इमानेइतबारे पाळलं. पण खिळ्याचं डोकं ठोकलं तिथंच वर राहतं! सगळी पाटी उलटी झाली होती. मी इतकी हसले की पोटात दुखलं, आणि त्यांच्या श्वासाच्या फुसफुशीवरून कळलं की तेही हसताहेत.

पण एका वाक्याला अर्धा तास लागायचा. तोवर माझा राग निवलेला असायचा. मी एकटीच बोलायची, एकटीच चिडायची, आणि शेवटी एकटीच जिंकायची. असं जिंकण्यात काही राम नाही.

अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी झडपेचं सांगितलं. श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामधल्या पडद्याला एक बारीक भोक पाडायचं आणि त्यात बोटाच्या पेराएवढी सिलिकॉनची झडप बसवायची. छातीत श्वास भरायचा, मानेवरचं छिद्र अंगठ्यानं बंद करायचं आणि श्वास सोडायचा. बाहेरची वाट बंद झाली की वारा झडपेतून अन्ननळीत जातो, तिथल्या भिंती थरथरतात आणि आवाज होतो. झडप एकाच दिशेनं उघडते, म्हणून खाल्लेलं-प्यालेलं उलट श्वासनळीत उतरत नाही.

"म्हणजे दार एका बाजूनं उघडणारं," मी म्हणाले. टेबलावर एक टकटक झाली. सुताराला पटलं होतं.

झडप बसली. ती रोज छोट्या ब्रशनं साफ करायची, काही महिन्यांनी बदलायची, सगळं त्यांनी शिकून घेतलं. आवाज मात्र आला नाही. दर मंगळवारी आम्ही दवाखान्यात जायचो. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाई फार गुणी. तासभर त्या एकच शब्द बोलायच्या. "हळू, काका. हळू दाबा. अजून हळू." मी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं होतं. काका दाबायचे, आणि एकतर कडेनं वारा फुस्सकन निसटायचा, नाहीतर काहीच व्हायचं नाही.

आठ आठवडे असेच गेले. नवव्या आठवड्यात यजमानांनी माझ्या हातात एक पाटी दिली. मी बोट फिरवलं. "शुक्रवारी झडप काढायची. डॉक्टरांना विचारलंय."

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्याच दिवशी नणंदबाई आल्या होत्या. त्यांना भावाचं म्हणणं पटलं होतं.

"अगं, कशाला त्याला छळतेस?" त्या म्हणाल्या. "जिवावरचं मानेवर निभावलं. त्याला आवाज नाही, तुला दृष्टी नाही, दोघांनी दुकान तरी कशाला रेटायचं? आमच्याकडे माडीवर खोली रिकामीच आहे."

"वन्सं, तुमची माडी तुम्हालाच लखलाभ," मी म्हणाले. "आम्हाला काय आहे आणि काय नाही, ते आमचं आम्ही मोजू."

पण त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. शुक्रवारी ती झडप निघाली की भोक आपोआप बुजणार होतं. मग उरलेलं सगळं आयुष्य मी एका घंटीबरोबर काढणार होते.

गुरुवारी सकाळी दुकान उघडल्यावर मी वेत भिजत घातला आणि त्यांच्या बाकापाशी गेले.

"मला बघू द्या," मी म्हणाले.

मी बघू द्या म्हणते तेव्हा हात लावू द्या असं म्हणते, हे त्यांना माहीत होतं. टेबलावर दोनदा टकटक झाली. नाही.

"तेरा महिने झाले. तुमच्या कपाळावरची प्रत्येक आठी मला माहितीय. ते भोक तेवढं मी अजून पाहिलेलं नाही. भुसा उडतो म्हणून तुम्ही त्यावर रुमाल बांधता, कबूल. पण झोपताना तोंड फिरवता ते कशासाठी?"

टकटक नाही. घंटी नाही. नुसता श्वास.

"लाज वाटते?" मी विचारलं. "माझ्यासमोर? मी कुणाला जाऊन सांगणार आहे की ते दिसतं कसं?"

एक टकटक झाली. मग रुमालाची गाठ सुटल्याचा आवाज आला.

मी हात साबणानं दोनदा धुतले, पुसले, आणि त्यांनी माझा हात धरून मानेवर नेला. छातीच्या हाडाच्या वर, कॉलरच्या खळग्यात, गुळगुळीत कडेचं एक गोल छिद्र. त्यातून ऊन ऊन श्वास माझ्या बोटाच्या टोकावर येत होता आणि परत जात होता. एवढंच होतं. एवढ्यासाठी माणसानं वर्षभर माझ्याकडे पाठ केली होती. मला रडू आलं आणि रागही आला. माझ्याकडे दोन्ही एकदमच येतात.

"आता तुम्ही दाबता कसं ते दाखवा."

त्यांनी आपला अंगठा लावला आणि मी त्यावर माझी बोटं ठेवली. ठेवताक्षणी मला सगळं कळलं. करवतीनं त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक बऱ्याच वर्षांपूर्वी कापलं गेलंय. तो चपटा आणि तिरका आहे, गोल भोकावर बसतच नव्हता. बसत नाही म्हणून ते जोर लावत होते. आणि जोर म्हणजे कसा, तर सरस लावलेला सांधा शिकंज्यात आवळावा तसा! मानेची शीर न् शीर ताठ. या माणसाला हळूबाईंनी हळू म्हणून काय उपयोग? हळू कशाला म्हणतात हे सुताराला कळत नाही, ते विणकरणीला विचारायचं असतं. ओला वेत जास्त ओढला की चिरतो, कमी ओढला की लोंबतो. माझा सगळा जन्म त्या दोहोंच्या मधल्या केसभर जागेत गेलाय.

"हात काढा," मी म्हणाले. "खांदे खाली सोडा. श्वास घ्या. मी बंद करीन, तुम्ही फक्त सोडा. जोर लावलात तर बघा."

श्वास आत गेला. तो परत फिरतोय हे बोटाला लागलं, त्याच क्षणी मी अंगठा टेकवला. दाबला नाही, टेकवला. अंगठ्याखाली वारा अडला, वळला, आणि आत कुठंतरी जमिनीवरून कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला.

आम्ही दोघंही दचकलो. मी अंगठा काढला.

"पुन्हा," मी म्हणाले.

पुन्हा श्वास, पुन्हा अंगठा. घर्रर्र. तिसऱ्यांदा तो आवाज लांबला. चौथ्यांदा त्यांनी ओठ हलवले असावेत, कारण त्या घरघरीला आकार आला. जाड, खालच्या पट्टीतला, अनोळखी आवाज. तेरा महिन्यांनी माझा नवरा माझ्याशी बोलला. तो म्हणाला,

"नखं काप."

"काय?"

अंगठा परत टेकवला.

"टोचतंय. नख काप."

जगात कुणाच्या नवऱ्यानं पहिलं वाक्य काय म्हटलं असतं कोण जाणे. माझ्या यजमानांनी तक्रार केली. आणि आवाज जरी कुणा परक्याचा होता तरी ही तक्रार शंभर टक्के त्यांची होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. वेत सरकवायला लागतं म्हणून अंगठ्याचं ते नख मी पंचवीस वर्षं वाढवलं होतं, आमच्या लेकीच्या लग्नातसुद्धा कापलं नव्हतं. त्या सकाळी मुळापासून कापून टाकलं.

शुक्रवारी दवाखान्यात गेलो. वाटेत ते काही बोलले नाहीत, म्हणजे मी अंगठा लावला नाही. रस्त्यात नवऱ्याचा गळा धरून चालणं बरं दिसलं नसतं. आत डॉक्टर होते, हळूबाई होत्या, आणि ट्रेमध्ये कुणीतरी हत्यारं मांडत होतं, तो आवाज मला मुळीच आवडला नाही.

"ठरलं ना मग?" डॉक्टर म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकाला जमतंच असं नाही."

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना बोलायचंय."

मी हात धुतले, छिद्र शोधलं, श्वासाची वाट बघितली आणि अंगठा टेकवला.

फुस्स.

पुन्हा. फुस्स. पुन्हा, आणि काहीच नाही. त्यांची मान परत दगड झाली होती. चार माणसं बघताहेत म्हटल्यावर त्यांचं हे असंच होतं, लग्नातही हार घालताना हात अडकला होता. माझाही अंगठा घामानं निसटत होता.

"असू द्या, काकू," हळूबाई मायेनं म्हणाल्या. मला दिसत नसलं तरी कळत होतं, खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे कसं बघताहेत ते. बिचारीला भास झाला असणार. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

आणि मग माझं डोकं फिरलं.

"काल तर नखांवरून मला अक्कल शिकवत होतात!" मी यजमानांवर ओरडले. "आज चार लोकांसमोर मला खोटं पाडता? घरी वाघ आणि इथं शेळी! सगळं आयुष्य हेच. तुमच्या बहिणीसमोर गप्प, गिऱ्हाइकासमोर गप्प, बोलायची वेळ आली की यांची दातखीळ बसते. आणि बायकोनं बोलायचं, बायकोनं वाईट व्हायचं. माझा काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तुम्ही घोरत होतात, भोकातून घोरत होतात, मला काय ऐकू येत नाही असं वाटतं? एकदा तरी माझं बोलणं संपायच्या आत तोंड उघडलंय का तुम्ही? तुम्हाला काय फरक पडतो हो, तुम्ही..."

माझा अंगठा अजून तिथंच होता, ते मी रागाच्या भरात विसरले होते. तो कधी हलका झाला होता आणि कडेनं त्यांचा श्वास कधी आत जायला लागला होता, तेही कळलं नव्हतं. त्याच्याखाली वारा जोरात अडला, वळला, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा तो जाडाभरडा आवाज कडाडला,

"तू गप्प बसशील तर मी बोलीन ना!"

ट्रेमध्ये काहीतरी खण्णकन पडलं. कुणाच्या हातून ते मला माहीत नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसण्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक.

त्यांनी श्वास घेतला. मी अंगठा टेकवला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "झडप राहू द्या. हिला उत्तर द्यायला मला लागणार आहे."

हळूबाई रडत होत्या आणि हसत होत्या. डॉक्टर काय करत होते कोण जाणे, पण जरा वेळानं त्यांनी नाक शिंकरलं. बाहेरच्या बाकांवरची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. त्यातल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. भांडणाला टाळ्या मिळालेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

तरी काम संपलं नव्हतं. नवऱ्याला बोलायचं असलं की बायकोचा अंगठा बोलवायचा, असं किती दिवस चालणार? शिवाय, खोटं कशाला सांगू, त्या अंगठ्यानं माझ्या डोक्यात हवा गेली होती. एकदा घरी त्यांनी माझी चूक काढायला सुरुवात केली आणि मी मधेच अंगठा उचलून घेतला. वाक्य तिथल्या तिथं तुटलं. मी खुशीत हसले. आणि लगेच माझं हसू थांबलं, कारण पुढची शांतता मी तेरा महिने ऐकलेली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी माझा हात शोधला आणि परत मानेवर ठेवला. त्या दिवशी मी ठरवलं, यांना स्वतःचं स्वतः बोलता आलंच पाहिजे.

मग शिकवणी सुरू झाली. उजवा अंगठा बाद. डाव्या हाताचं मधलं बोट धडधाकट होतं, ते घेतलं. आधी त्यांच्या हातात ओला वेत दिला आणि चिरू न देता, लोंबू न देता धरायला लावला. पहिल्या दिवशी त्यांनी सात पट्ट्या तोडल्या. मग त्यांचं बोट मानेवर आणि माझं बोट त्यावर. मग माझं बोट नुसतं टेकलेलं. मग मी हातभर अंतरावर उभी. मग खोलीच्या पलीकडे. तीन आठवड्यांनी हळूबाई म्हणाल्या, "काकू, माझी नोकरी घेताय की काय?"

पहिला फोन त्यांनी बहिणीला केला. "ताई, दुकान बंद होणार नाही," असं ते म्हणाले. वन्संनी "कोण हवंय तुम्हाला? राँग नंबर," म्हणून फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तर भाऊजींना हाक मारली, कुणीतरी धमकी देतंय म्हणून. तिसऱ्यांदा यांनी त्यांना लहानपणी चिंचेच्या झाडावरून कुणी ढकललं होतं ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं मुसमुसणं येत होतं. माडीवरच्या खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

त्यानंतर दीड महिन्यानं एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांची आरामखुर्ची न्यायला आल्या. बैठकीवर हात थोपटून म्हणाल्या, "काय ताणलंय हो! वर्षभर तुमच्याकडून खुर्च्या नेतेय, पण इतकी घट्ट वीण कुठंच नाही."

"बोटं आहेत ही," मी हात वर करून म्हणाले. "यांचं आजारपण चाललं होतं तरी एका खुर्चीत ढिलाई झाली नाही."

"खोटं," बाकाकडून आवाज आला.

"काय म्हणालात?"

"खोटं म्हणालो." श्वास. "वर्षभर तू डावी बाजू ढिली विणत होतीस."

मुख्याध्यापिकाबाई आपल्याच खुर्चीत बसल्या. जायची काही घाई नव्हती त्यांना.

"माझी वीण? ढिली?" मी म्हणाले. "आणि तुम्हाला हे आज सुचलं होय?"

"तू खुंट्या मारून आत स्वयंपाकाला जायचीस." श्वास. "मी त्या खुंट्या काढायचो. वेत ओढायचो. परत ठोकायचो." श्वास. "डॉक्टरांचा झोपाळा. वकिलांच्या चार खुर्च्या. यांची ही."

विणताना पट्टी सुटू नये म्हणून चौकटीच्या भोकाभोकात लाकडी खुंटी मारून ठेवतात, गाठी शेवटी मारतात. रात्रभरात वेत वाळला की थोडा आपोआप आवळतो. रोज सकाळी बैठक हाताला घट्ट लागायची आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. काय वेत वाळलाय, काय माझा हात आहे!

"डावीकडेच का ढिली होईल?" मी म्हणाले. अजून हार मानायची माझी तयारी नव्हती.

"डावीकडे माझा बाक आहे." श्वास. "तू अर्धी विणत होतीस आणि अर्धी माझा श्वास ऐकत होतीस."

हे खरं होतं. हे त्यांना कळत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"मग तेव्हाच सांगायचं होतं!" मी म्हणाले, पण जोर उरला नव्हता. "एवढ्या पाट्या ठोकल्यात. एक ही ठोकायची. खिळे संपले होते?"

"पाटीवर वाचलं असतंस तर तू एकटीच रडली असतीस." श्वास. "तोंडावर सांगितलं की भांडतेस."

मी उत्तर शोधलं. सरसाच्या डब्यापासून वीस वर्षांपूर्वीच्या टोमण्यापर्यंत सगळीकडे शोधलं. सापडलं नाही. मी हरले होते, सरळसरळ, गिऱ्हाइकासमोर, माझ्याच कामावरून. मला इतका आनंद झाला की मी सरळ त्यांच्या बाकापाशी गेले.

"अजून काय काय साठवून ठेवलंय वर्षभर?" मी म्हणाले. "असेल ते सगळं काढा बाहेर. आत्ताच काढा."

"बस मग," ते म्हणाले. "यादी मोठी आहे." आणि त्यांनी पुढचा श्वास घेतला.